पट्टी बदलली आणि जीप घुमायला लागली

"गाडीखालची एक लोखंडी पट्टी तर बदलली. बोल्ट सगळे घट्ट आहेत. मग सत्तर-ऐंशीच्या पुढे गेलं की गाडी घुमते का?"

डोंगरात, खडकांत गाडी घालण्याची हौस असलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. गाडीचं पोट जमिनीपासून आणखी वर असावं म्हणून त्यांनी कंपनीचा क्रॉसमेंबर, म्हणजे तीच ती पट्टी, काढलेला असतो आणि बाजारात मिळणारा, जास्त मजबूत आणि जास्त वर बसणारा क्रॉसमेंबर लावलेला असतो. खडकावर गाडी झकास चालते. मग घरी जाताना डांबरी रस्ता लागतो, वेग वाढतो आणि पायाखालच्या पत्र्यातून घूंऽऽ असा आवाज येऊ लागतो. गिअरचा दांडा थरथरतो, आरशातलं चित्र पुसट होतं. नव्या पट्टीचा तर कुठलाच भाग फिरत नाही. मग ही थरथर आली कुठून?

उत्तरासाठी एक खरीखुरी गाडी समोर ठेवू. अमेरिकेत १९९७ ते २००६ या काळात विकली गेलेली जीप रँग्लर, जिला तिचे चाहते 'टीजे' म्हणतात. दोन्ही ॲक्सलांमधलं अंतर जेमतेम २.३७ मीटर, त्यामुळे मागचा प्रोपेलर शाफ्ट अगदी आखूड. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर आणि यूटामधल्या मोआबच्या तांबड्या खडकांवर ही गाडी सर्रास दिसते. मोआबला १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास जीपवाल्यांचा मोठा मेळावा भरतो. तिथे जाणाऱ्या अनेकांनी टीजेचं पोट उचललेलं असतं, आणि त्यासोबत ही थरथरही ओढवून घेतलेली असते.

१. क्रॉसमेंबर म्हणजे तुळई

जीपसारख्या गाडीचा सांगाडा शिडीसारखा असतो. लांबीच्या दिशेने दोन भक्कम लोखंडी कड्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. हे आडवे तुकडे म्हणजे क्रॉसमेंबर. त्यातला मधला क्रॉसमेंबर गिअरबॉक्सचं शेपूट खांद्यावर घेतो. फोर बाय फोर गाडीत त्या शेपटाला ट्रान्स्फर केस जोडलेली असते. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलांकडे वाटून देणारी ही पेटी. टीजेमध्ये हा क्रॉसमेंबर एका जाड ताटासारखा असून तो सांगाड्याच्या खाली लोंबतो आणि ट्रान्स्फर केसला दगडांपासूनही वाचवतो.

जुन्या घरातली तुळई आठवा. माळ्याचा भार तिच्यावर असतो. कुणी ती दोन बोटं वर बसवली तर माळा वर जातो, माळ्याला टेकवलेली शिडी जास्त उभी होते आणि तुळईजवळच्या दाराची चौकट अडकू लागते. तुळई स्वतः जागची हलत नाही, पण तिच्या उंचीवर आसपासच्या सगळ्या गोष्टींचं माप ठरलेलं असतं.

गाडीतही तसंच. इंजिन पुढे दोन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस मिळून एक लांब ओंडका होतो आणि त्याचं मागचं टोक क्रॉसमेंबरवर टेकतं. क्रॉसमेंबर वर गेला की ओंडक्याचं शेपूट वर जातं. मागचा ॲक्सल मात्र होता तिथेच राहतो. या दोघांना जोडणाऱ्या शाफ्टवर सगळा परिणाम होतो.

२. आखूड शिडी, लांब शिडी

ट्रान्स्फर केसमधून निघून मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीपर्यंत, जाणारा नळा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याचं पुढचं टोक उंच आणि मागचं खाली, म्हणजे तोही माळ्याला टेकवलेल्या शिडीसारखाच तिरका.

माळा २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच वर उचलला तर शिडीचा कोन किती बदलेल? ते शिडीच्या लांबीवर अवलंबून आहे. एक सोपा हिशेब लक्षात ठेवा: जितकी उंची वाढली, तिला लांबीने भागा आणि ५७ने गुणा. उत्तर अंशांत मिळतं. कोन लहान असेपर्यंत हा हिशेब पुरेसा अचूक असतो.

लांब पिकअपचा १२०० मिलिमीटरचा शाफ्ट असेल तर २५ भागिले १२०० गुणिले ५७, म्हणजे सुमारे १.२ अंश. आखूड जीपचा शाफ्ट ४५० मिलिमीटरचा धरला तर २५ भागिले ४५० गुणिले ५७, म्हणजे सुमारे ३.२ अंश.

पट्टी सारखीच, उचल सारखीच, पण आखूड गाडीला फटका जवळजवळ तिप्पट. "माझ्या मित्राच्या गाडीला तर काहीच झालं नाही" या तक्रारीचं उत्तर बहुधा इथेच असतं. मित्राची गाडी लांब असते.

पण शाफ्ट तीन अंश तिरका झाला म्हणून तो थरथरेल का? त्यासाठी शाफ्टच्या दोन टोकांना काय आहे ते पाहायला हवं.

३. वाकून फिरणारा जोड

शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. आपल्या गॅरेजांत त्याला नुसतं 'क्रॉस' म्हणतात, कारण त्याच्या आत अधिक चिन्हासारखा पोलादी तुकडा असतो. क्रॉसच्या दोन भुजा एका काट्यात बसतात, उरलेल्या दोन दुसऱ्या काट्यात. त्यामुळे दोन शाफ्ट एका रेषेत नसले तरी एकाचं फिरणं दुसऱ्याला मिळतं.

ही कल्पना गाड्यांहून फार जुनी आहे. युरोपात या जोडाला सोळाव्या शतकातल्या जिरोलामो कार्दानो या इटालियन विद्वानाचं नाव मिळालं. लंडनच्या रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणांवर लिहिलेल्या पुस्तकात तो मांडला, म्हणून इंग्रजीत तो 'हूकचा जोड' झाला. मोटारीत तो रुजवला अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसर यांनी. त्यांना १९०३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. तोवर कितीतरी मोटारींची चाकं सायकलसारख्या साखळीने फिरत होती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे ॲक्सल आणि ट्रान्स्फर केस स्पायसर यांच्याच कंपनीच्या घडणीचे होते. तीच विलीज जीप पुढे मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतली. सातारा-सांगलीकडे वर्षानुवर्षं वडाप म्हणून धावलेल्या जीपगाड्या याच घराण्यातल्या. "क्रॉस गेलाय, बदलावा लागेल" असं तिथला मिस्त्री सांगतो तेव्हा त्या शब्दामागे साडेतीनशे वर्षांची परंपरा असते.

या जोडात एक उपजत खोड आहे. सरळ रेषेत असताना तो निर्दोष चालतो, पण वाकला की पुढचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत असूनही मागचा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा किंचित पळतो आणि दोनदा किंचित रेंगाळतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर भिंतीवरचं गोल घड्याळ उतरवून हातात धरा. समोरून पाहिलं तर बारा आकड्यांमधली अंतरं सारखी दिसतात. आता बाराचा आकडा तुमच्यापासून लांब आणि सहाचा जवळ येईल असं ते तिरपं करा. गोल चपटा दिसू लागेल. मधल्या बिंदूपासून प्रत्येक आकड्याकडे रेघा ओढल्याची कल्पना करा: बारा आणि सहाजवळच्या रेघा फाकलेल्या दिसतील, तीन आणि नऊजवळच्या दाटलेल्या. काटा घड्याळावर एकसारखा फिरत असला तरी तुमच्या जागेवरून तो बारा आणि सहाजवळ भराभर सरकताना दिसेल, तीन आणि नऊजवळ हळू. वाकलेला जोड एका शाफ्टचं फिरणं दुसऱ्या शाफ्टला असंच 'तिरपं दाखवतो'. फेऱ्यात दोनदा जलद, दोनदा मंद.

घड्याळ जितकं जास्त तिरपं, तितका फरक मोठा. हा फरक कोनाच्या साध्या प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोन दुप्पट झाला की फरक साधारण चौपट. आकडेच पाहा:

६ अंशांवर शाफ्टचा वेग सरासरीच्या वर-खाली सुमारे ०.५ टक्के होतो.
१० अंशांवर सुमारे १.५ टक्के.
१५ अंशांवर सुमारे ३.५ टक्के.
२० अंशांवर ६ टक्क्यांहून जास्त.

शिवाय गाडीचा वेग दुप्पट केला की या ओढाताणीचा धक्काही चौपट होतो. म्हणून खडकांत ताशी दहा किलोमीटरने चालताना काहीच जाणवत नाही आणि हमरस्त्यावर ऐंशीला गाडी घुमू लागते.

४. एकाची चूक दुसऱ्याने पुसायची

जोडात ही खोड असताना सगळ्याच गाड्या का थरथरत नाहीत? कारण शाफ्टला दोन जोड असतात आणि दुसरा जोड पहिल्याची चूक पुसून टाकतो. पहिल्याने शाफ्टला जेवढं पळवलं, तेवढंच दुसऱ्याने रोखलं तर डिफरन्शियलला मिळणारं फिरणं पुन्हा एकसारखं होतं.

त्यासाठी दोन अटी आहेत.

पहिली: दोन्ही जोडांचे कोन सारखे हवेत. साध्या शाफ्टमध्ये याचा व्यवहारी अर्थ असा की ट्रान्स्फर केसमधून बाहेर येणारा दांडा आणि डिफरन्शियलमध्ये शिरणारा पिनियनचा दांडा एकमेकांना समांतर हवेत. शाफ्ट मधून कितीही तिरका जावो, ही दोन टोकं समांतर असली की दोन्ही कोन आपोआप जुळतात.

दुसरी: शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एकाच रेषेत हवेत. पुढचा काटा उभा असेल तेव्हा मागचाही उभा हवा. नाहीतर एक जोड पळवत असेल त्याच क्षणी दुसराही पळवेल, आणि चूक पुसली जाण्याऐवजी वाढेल.

एक गोष्ट मात्र दोन्ही अटी पाळूनही उरते. टोकं एकसारखी फिरली तरी मधला नळा स्वतः पळत-रेंगाळतच फिरत असतो. कोन लहान असेल तर हे चालून जातं. कोन मोठा झाला की नळ्याचं वजनच दर फेऱ्यात दोनदा गाडीला हिसका देतं. म्हणून कोन एकमेकांशी जुळलेले हवेत आणि लहानही हवेत. पण अगदी शून्यही नकोत. क्रॉसच्या टोप्यांमध्ये सुईसारखे बारीक रोलर असतात. ते थोडे फिरत राहावेत म्हणून अर्धा-एक अंश तरी वाक लागतो. अन्यथा ते एकाच जागी दाबले जाऊन पोलादात खाचा पडतात.

५. पंचवीस मिलिमीटरचा हिशेब

आता नवी पट्टी लावू आणि आकडे मांडू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण आखूड जीपच्या बाबतीत वास्तवाला धरून आहेत.

पट्टी बदलण्यापूर्वी ट्रान्स्फर केसचा दांडा मागे ४ अंश उतरता होता. पिनियनचा दांडाही त्याला समांतर, म्हणजे ४ अंशच. शाफ्टचा उतार १० अंश. पुढच्या जोडाचा कोन १० वजा ४, म्हणजे ६. मागच्याचाही ६. दोन्ही जुळलेले, दोन्ही लहान. गाडी शांत.

नवी पट्टी ट्रान्स्फर केस २५ मिलिमीटर वर नेते. शाफ्टचा उतार आपण वर काढलाच आहे: ३.२ अंशांनी वाढून तो १३.२ होतो. पण एवढ्यावर थांबत नाही. पुढची फाउंडेशन जागेवर असल्यामुळे शेपूट वर गेलं की अख्खा ओंडका फाउंडेशनभोवती किंचित झुलतो. फाउंडेशनपासून पट्टीपर्यंतचं अंतर एक मीटर धरलं तर २५ भागिले १००० गुणिले ५७, म्हणजे १.४ अंश. ट्रान्स्फर केसचा दांडा ४ वरून २.६ अंशांवर येतो. पिनियन ४ वरच राहतो.

आता पुढच्या जोडाचा कोन १३.२ वजा २.६, म्हणजे १०.६. मागच्याचा १३.२ वजा ४, म्हणजे ९.२.

एका पट्टीने एकाच वेळी दोन बिघाड केले. दोन्ही कोन मोठे झाले आणि त्यांची जोडीही फुटली. ६ अंशांवर शाफ्टच्या वेगात अर्ध्या टक्क्याची चढउतार होती, ती १०.६ वर १.७ टक्के झाली. म्हणजे तिप्पट.

जोडी किती फुटली ते मोजण्याची रीत अशी: दोन्ही कोनांचे वर्ग करा, वजाबाकी करा, वर्गमूळ काढा. १०.६चा वर्ग ११२.४, ९.२चा ८४.६, वजाबाकी २७.८, वर्गमूळ सुमारे ५.३. याचा अर्थ असा, की पुसली न गेलेली चूक ही ५.३ अंश वाकलेल्या एकट्या जोडाइतकी आहे. हा आकडा साधारण ३ अंशांच्या आत असावा असा या धंद्यातला ठोकताळा आहे. नुसत्या १.४ अंशांच्या तफावतीने एवढं होतं, कारण मूळ कोनच मोठे झालेले आहेत. मोठ्या कोनांत लहान तफावतही महाग पडते.

६. थरथरीला आकड्यांत पकडा

गाडी घुमते म्हटल्यावर दोष कोनांचाच आहे हे कसं ओळखायचं? चाकाचा तोल गेलेला असू शकतो, शाफ्टचा तोल गेलेला असू शकतो. यासाठी थरथर सेकंदाला किती वेळा होते हे मोजणं सगळ्यात उपयोगी. कंपनं मोजणारं ॲप हल्ली मोबाइलवर मिळतं. फोन आसनांच्या मधल्या घट्ट भागावर पक्का ठेवा आणि आकडा वाचायचं काम शेजारच्या माणसाकडे द्या, गाडी चालवणाऱ्याकडे नको.

हिशेब असा. ३१ इंची टायरचा घेर सुमारे २.४७ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला ९ फेरे घेतं. डिफरन्शियलचं प्रमाण ३.७३ असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट ३.७३ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साधारण ३३. आणि कोनाचा दोष शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा हिसका देतो, म्हणजे ६७.

तेव्हा ८०च्या वेगाला फोन ९ च्या आसपास दाखवत असेल तर टायर आणि रिम पाहा. ३३ असेल तर शाफ्टचा तोल. ६७ असेल तर कोन. फोन नसला तरी अंगाला फरक कळतो. सेकंदाला नऊ म्हणजे स्टिअरिंग आणि आसन हलवणारे हादरे, सदुसष्ट म्हणजे पत्र्यातून कानात शिरणारी घूंऽऽ.

आणखी एक सोपी तपासणी. मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी घुमत असताना न्यूट्रल करून ती आपल्या वेगाने घरंगळू द्या. इंजिन आरामात फिरतंय आणि घुमणं तसंच आहे, तर दोष रस्त्याच्या वेगाशी बांधलेला आहे: चाक, शाफ्ट, जोड. घुमणं थांबलं तर इंजिनाच्या बाजूला किंवा ताकद लागल्यावर बदलणाऱ्या कोनांकडे पाहा. आणि उभ्या गाडीत नुसतं इंजिन चढवल्यावरही तीच घूं येत असेल तर शाफ्टला दोष देऊ नका, कारण तेव्हा तो फिरतच नाही.

७. दोष कोनांचा नसतो तेव्हा

पट्टी बदलताना आजूबाजूच्या बऱ्याच गोष्टींना हात लागतो. खर्चाचे उपाय करण्याआधी त्या पाहून घ्याव्यात.

पट्टी आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये रबराचं माउंटिंग असतं. बाजारातल्या संचाबरोबर अनेकदा कडक पॉलियुरेथेनचं येतं. रबर जी थरथर गिळत होतं ती कडक माउंटिंग सांगाड्यापर्यंत पोहोचवतं. म्हणजे थरथर आधीपासून होती, आता ती कळू लागली.

शेपूट वर गेल्यामुळे ट्रान्स्फर केस, तिचा दांडा किंवा सायलेन्सरचा पाइप खालच्या पत्र्याला टेकलेला असू शकतो. जाड पुठ्ठ्याचा तुकडा प्रत्येक फटीतून फिरवून पाहा. जिथे तो अडेल तिथे लोखंड लोखंडाला लागतंय.

शाफ्ट काढून परत बसवताना खुणा केल्या नसतील तर सरकणारी बाजू दातऱ्यांवर चुकीच्या घरात बसते आणि दोन टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत. क्रॉसची टोपी निघून एखादा सुईरोलर आडवा पडला असेल तर जोड एका बाजूला अडखळतो. शाफ्ट हातात घेऊन प्रत्येक जोड चारही बाजूंना वाकवला की हे लगेच कळतं. शाफ्टच्या नळ्यावर वेल्ड केलेला तोलाचा लहानसा पत्रा पडलेला असेल तर त्या जागी गंज नसलेला चौकोन दिसतो. साचलेला चिखल वाळला तरी तोल जातो, म्हणून आधी शाफ्ट धुऊन घ्या.

८. फोन, खडू आणि काही वॉशर

कोन मोजायला फार काही लागत नाही. गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी हवी, चाकांना पुढून-मागून दगड लावलेले हवेत. जॅकवर मागचा भाग उचलला की ॲक्सल खाली लोंबतो आणि सगळे कोन बदलतात, त्यामुळे ते माप निरुपयोगी. शिवाय नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणं जिवावर बेतू शकतं.

खाली सरकून आधी कापडाने चिखल आणि ग्रीस पुसा. मोबाइलचं कोनमापक सुरू करून त्याची कड शाफ्टच्या नळ्यावर लांबीच्या दिशेने टेकवा आणि आकडा लिहा. मग ट्रान्स्फर केसच्या काट्याचा तासलेला सपाट भाग शोधा. तो दांड्याला काटकोनात असतो, म्हणून तिथला आकडा ९०तून वजा करायचा. पिनियनच्या काट्यावरही तसंच. फोनला जाड आवरण असेल तर ते काढा, त्याच्या गोल कडेने अंशभराची चूक होते. प्रत्येक माप तीनदा घ्या. तिन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला तरच तो खरा माना.

कोनांचा संशय आला की सगळ्यात स्वस्त प्रयोग वॉशरांचा. गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि पट्टी यांच्यामध्ये १० ते १२ मिलिमीटर जाडीचे भक्कम वॉशर घाला, तेवढे लांब बोल्ट वापरा, शेपूट तेवढं खाली आणा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवा. घुमणं कमी झालं की आरोपी सापडला. काहींना एवढ्यावरच समाधान मिळतं: पोटाची थोडी उंची जाते, शांतता परत येते.

उंची सोडायची नसेल तर पुढचे मार्ग आहेत.

पहिला, इंजिनाची फाउंडेशन तेवढीच वर घेणं. मग अख्खा ओंडका सरळ वर जातो आणि ट्रान्स्फर केसचा दांडा पुन्हा ४ अंशांवर येतो. आपल्या उदाहरणात दोन्ही जोड ९.२ वर जुळतात. पंखा त्याच्या आवरणाला घासत नाही ना, हे मात्र पाहावं लागतं.

दुसरा, पिनियनचं नाक फिरवून ते दांड्याला समांतर करणं. टीजेमध्ये ॲक्सलला सांगाड्याशी जोडणारे, लांबी कमी-जास्त करता येणारे कंट्रोल आर्म लावून हे होतं. पाटे असलेल्या गाडीत पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये तिरकी पाचर ठोकून होतं. आपल्या उदाहरणात पिनियन २.६ अंशांवर आणायचा. जोडी जुळते, पण दोन्ही कोन १०.६ वर राहतात, म्हणजे मधल्या नळ्याचा हिसका काही जात नाही.

तिसरा मार्ग खर्चाचा, पण मुळावर घाव घालणारा. टीजेच्या बहुतेक मॉडेलांत शाफ्टचं पुढचं टोक ट्रान्स्फर केसच्या लांब दांड्यावर मागेपुढे सरकतं. तो लांब दांडा बदलून आखूड दांडा आणि पक्का काटा बसवतात. वाचलेली जागा शाफ्टला मिळते. ४५० ऐवजी ५५० मिलिमीटरचा शाफ्ट बसला तर उतार १३.२ वरून ११ अंशांच्या आत येतो, कारण शिडी लांब झाली. या नव्या शाफ्टच्या पुढच्या टोकाला पाठीला पाठ लावून दोन क्रॉस असतात. ते कोन आपसांत निम्मा-निम्मा वाटून घेतात आणि एकमेकांची चूक तिथल्या तिथे पुसतात. पिनियनने आता समांतर राहायचं नाही, थेट शाफ्टच्या रेषेत पाहायचं. फक्त एक-दोन अंश खाली, कारण ताकद लागली की पिनियन नाक वर करतो. पिनियन बराच वर वळवला तर त्याच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचतंय याची खात्री करावी.

या मार्गावर एक चूक वारंवार होते: नवा दुहेरी जोडाचा शाफ्ट आणला जातो आणि पिनियन जुन्या समांतर कोनातच राहतो. मग मागचा एकटा जोड वाकलेला राहतो, त्याची चूक पुसायला कुणी नसतं, आणि भरपूर पैसे खर्चूनही गाडी पूर्वीपेक्षा जास्त घुमते.

९. पाना उचलण्याआधी

आपल्याकडेही सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर फोर बाय फोर गाड्या नेण्याची हौस वाढते आहे आणि गाडीखालचे भाग बदलले जाताहेत. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीच्या कागदांवरचे तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. म्हणून बदल करण्याआधी आरटीओत चौकशी केलेली बरी.

त्याआधी एक पाच मिनिटांचं काम करा. जुनी पट्टी अजून जागेवर असताना, गाडी शांत चालत असताना, गाडीखाली जा. शाफ्ट, ट्रान्स्फर केसचा दांडा आणि पिनियन, तिन्हींचे कोन वहीत लिहा. फाउंडेशनपासून पट्टीपर्यंतचं अंतर आणि शाफ्टची लांबी मोजा. शाफ्ट आणि काटे यांच्यावर खडूने एकच सरळ रेघ ओढा, म्हणजे परत बसवताना घर चुकणार नाही.

शांत गाडीचे हे आकडे परत मिळत नाहीत. पट्टी एकदा निघाली की निरोगी गाडीचे कोन किती होते हे कुणालाच सांगता येत नाही आणि सगळी दुरुस्ती अंदाजाने चालते. आकडे हाताशी असले तर नवी पट्टी विकत घेण्याआधीच, ५७चा हिशेब करून, घरी बसून कळतं की ती किती अंश बदलणार आहे आणि त्यासाठी फाउंडेशन, पाचर की नवा शाफ्ट यांपैकी कशाची तयारी ठेवावी लागेल. मग मोआबच्या खडकावर किंवा सह्याद्रीच्या वाटेवर पोट न घासता गेलेली गाडी घरी परततानाही शांत राहते.